चांदणीचा सांगाडा

कंदिलात एकही किडा नव्हता. मीरा मागच्या ओट्यावर उन्हात बसली होती. मांडीवर तो कंदील, बांबूची चांदणी, शेजारी पाण्याची वाटी आणि जुन्या बनियनचा बोळा. ओल्या बोळ्याने कडा भिजवायच्या, खळ सैल झाली की नखाने कागद उचलायचा, अख्खा निघाला तर अख्खा काढायचा. हे काम ती दर डिसेंबरात करत आली होती, आणि दर डिसेंबरात खालच्या टोकाचा कागद उघडला की मूठभर मेलेले किडे तिच्या मांडीवर पडत. दिवाळीच्या सुमारास पाटनकडच्या शेतांत धान पिकतं आणि हे हिरवे, तिळाएवढे किडे दिव्यांवर झुंडीने येतात. इथे त्यांना माहू म्हणतात. त्या दिवसांत अधारतालच्या या वस्तीत लोक दिवा मालवून जेवतात, मेन रोडवरचे दुकानदार बल्बाशेजारी कडुलिंबाचा डहाळा टांगून ठेवतात. अंगणात लावलेला कंदील तर त्यांनी भरतोच. गुणवंत, तिचा नवरा, म्हणायचा, कागद काढण्याआधी कंदील पोत्यावर उलटा कर, नाहीतर लुगड्यात जातील. मीरा कधी लुगडं नेसली नव्हती, पण तो म्हणायचा तसंच. आज तिने सवयीने पोतं अंथरलं, चांदणी उलटी केली, हलवली. काही पडलं नाही. तिने कागद आतून पाहिला. बल्बाजवळचा लाल कागद दिवाळीच्या चार दिवसांत उडून गुलाबी होतो, त्यावर पैशाएवढा फिका गोल पडतो. हा कागद आतून बाहेरून सारखाच लाल होता. ओल्या बोळ्याने त्याचा रंग तिच्या बोटांना लागला. जो कागद पंधरवडाभर उघड्यावर लटकला, दवात भिजला, त्याचा रंग असा बोटांना लागत नाही.

मीरा या दिवाळीला इथे नव्हती. दसरा झाला तशी ती बेंगळुरूला गेली होती, लेकीच्या, अवंतिकाच्या बाळंतपणाला. परत आली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या दीपाने मधल्या भिंतीवरून कंदील दिला होता, नेहमीसारखा, दोन्ही हातांवर धरून, जसं एखादं तान्हं पोर द्यावं. "घे बाई तुझी अमानत," ती म्हणाली होती. ही तिची दरवर्षीची थट्टा. मीराने विचारलं होतं, "दिवाळी कशी झाली?" आणि दीपा म्हणाली होती, "तू नव्हती तर काय व्हायची." ते वाक्य मीराने तेव्हा जपून ठेवलं होतं. फोनवर अवंतिकालाही सांगितलं होतं. आता उन्हात बसून ती त्या वाक्याकडे परत गेली आणि ते तिला थोडं हलकं वाटलं, आतून पोकळ निघालेल्या बदामासारखं. मग तिने स्वतःला दटावलं. औषध फवारलं असेल. किडे यंदा कमी असतील. पहिल्याच दिवशी बल्ब गेला असेल आणि दीपाच्या मुलाला, सुमेधला, बदलायला वेळ झाला नसेल. सुमेधला वेळ नसतोच. तिने कागदाची घडी पाहिली. टोकाला कागद दुमडताना दीपा नेहमी जास्त कागद घेते, मग तिथे जाड गाठ येते. गुणवंत तिला त्यावरून चिडवायचा. ती गाठ होती. पाचही टोकांना होती. म्हणजे कागद दीपानेच लावला होता, स्वतः, मैद्याच्या खळीने. सांधेदुखीने तिची बोटं हल्ली पोळी लाटतानाही वळत नाहीत. एवढा खटाटोप करून लावलेला कंदील टांगला नाही, असं कसं होईल?

सांगाडा गुणवंतने केला होता. तो आणि दीपाचा नवरा मुरलीधर एकाच फॅक्टरीत, एकाच शेडमध्ये. क्वार्टर सोडून दोघांनी इथे लागून लागून प्लॉट घेतले, मधली भिंत मुद्दाम छातीएवढीच ठेवली. घरं बांधून दोघांचेही हात इतके रिकामे झाले होते की पहिल्या दिवाळीला कंदील विकत घ्यायचा नाही असं ठरलं. मुरलीधर पाटनच्या बाजारातून बांबू घेऊन आला, गुणवंतने कामट्या तासल्या, आणि त्याच्या हाताला जे वळण होतं त्याने चांदणीच झाली. मुरलीधरने तिला लाल-पिवळा कागद लावला, खाली झिरमिळ्या सोडल्या आणि आपल्या दारात टांगली. त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर तो ती भिंतीवरून देत म्हणाला, "गुणवंता, दुसरा बांबू कशाला आणतोस, आता हाच पांढरा कर." तेव्हापासून दरवर्षी तेच. दिवाळीला रंगीत, तिकडे. नाताळला पांढरी, इकडे. जानेवारीत उघडा सांगाडा परत भिंतीवरून तिकडच्या माळ्यावर. कॉलनीतले हिंदी शेजारी पहिल्यांदा हसले, मग त्यांना त्याची सवय झाली. मग तर तेच पाहुण्यांना दाखवत, "ये देखिए, दोनों घर का एक ही स्टार है." हरकत फक्त गुणवंतच्या बहिणीने घेतली होती. बेबीताई नागपूरहून नाताळाला आली होती. चर्चमधल्या उपासनेहून परतताना फाटकातच थांबून म्हणाली, "मूर्तीपुढं टांगलेलं हे, आणि तू याला बेथलेहेमचा तारा म्हणून लावतो?" गुणवंत म्हणाला, "बेबीताई, बांबू पाटनच्या बाजारातला आहे. त्याला बाप्तिस्मा मी दिला नाही आणि मुंज मुरलीधरने केली नाही." बेबीताई त्या रात्री जेवली नव्हती. मुरलीधर आणि गुणवंत या गोष्टीवर पुढे कितीतरी वर्षं हसत राहिले. आता दोघंही नाहीत. हसण्याचा तो आवाज मात्र मीराला भिंतीच्या त्या ठराविक जागी अजून ऐकू येतो, जिथला गिलावा दोघांच्या कोपरांनी गुळगुळीत झाला आहे.

अवंतिका म्हणत होती, आई, आम्ही नव्या वर्षात मोठं घर घेतोय, तुझी खोली धरू की नको ते सांग. दोन वर्षं ती हेच विचारत होती, फक्त आता घर खरंच घ्यायचं होतं. आणि दोन वर्षं मीराचं उत्तर एकच होतं: इथे माझी दीपा आहे. अवंतिकाने एकदा वैतागून म्हटलं होतं, "दीपाकाकू काय तुला म्हातारपणी धरून बाथरूमला नेणार आहेत?" मीरा ठामपणे म्हणाली होती, "नेईल." ती नुसती बोलली नव्हती. गुणवंत गेला त्या दिवशी मृतदेह घरात असताना दीपाने तिला आपल्या हाताने चहा पाजला होता. चर्चमधल्या बायका भजनाचं पुस्तक शोधत होत्या आणि दीपा तिचे पाय चोळत बसली होती. उतारवयात माणसाला राहायला एक कारण पुरतं. मीराकडे एक होतं, आणि ते तिने कधी उलटून पाहिलं नव्हतं.

तिने उरलेला कागद काढला, सांगाडा पुसून उन्हात ठेवला आणि आत येऊन बाकीच्या कामाला लागली. पस्तीशीनंतर ती शाळेत हस्तकला शिकवायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं. टाकाऊतून टिकाऊ हा तिचा विषय आणि पुढे तिचा स्वभावही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी सोलून घंटा. दुधाच्या पिशव्या उलट्या करून, धुऊन, कापून बर्फाच्या झालरी. बोरीच्या वाळक्या फांदीला चुना देऊन झाड, ते डालड्याच्या डब्यात वाळूत रोवलेलं. गव्हाणीपुढे हिरवळ हवी म्हणून पसरट मडक्यात गहू पेरायचे. हे तिला दीपाने शिकवलं, नवरात्राच्या घटावरून, इथल्या जवाऱ्यांवरून. किती दिवस आधी पेरायचे, किती पाणी घालायचं, उजेडापासून कधीपर्यंत लपवायचे, सगळं. आणि लग्नाच्या जुन्या पत्रिका. दीपाच्या नातेवाइकांत लग्नं फार, पत्रिका जाड आणि सोनेरी. मीरा त्यांच्या किनारी कापून देवदूतांचे पंख करायची. पण प्रत्येक पत्रिकेवर वरती गणपती असतो. तो ती कधी कापत नसे. आधी कात्रीने त्याच्याभोवती ऐसपैस चौकोन काढायची, तो वेगळा करून एका लिफाफ्यात ठेवायची आणि नाताळ झाल्यावर लिफाफा दीपाकडे द्यायची. दीपा ग्वारीघाटला गेली की ते गणपती नर्मदेत सोडायची. याबद्दल त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या. आज मीरा तोच चौकोन कापत होती आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की ती फार जपून कापते. जरा जास्तच जपून. कोणी पाहत नसताना ती कात्री अशी कोणाला दाखवायला चालवत होती?

दुपारी रुचिरा आली, सुमेधची बायको. चप्पल काढता काढता बोलणारी, सतना की रीवाकडची. मराठी तिला समजते सगळी, बोलताना अर्ध्यात घसरते. "काकू, बचा लो मुझे. मुलीच्या शाळेत क्रिसमस क्राफ्ट मागितलंय, बेस्ट आउट ऑफ वेस्ट. मला तर नुसतं वेस्ट करता येतं." मीरा हसली. तिने तिला बसवलं, चांदीच्या घंटा कशा वळायच्या दाखवल्या. रुचिराच्या हातात दोन फाटल्या. "छोड़ो, तुम्हीच द्या एक. टीचरला काय कळतं." मग ओट्यावरचा सांगाडा तिला दिसला. "अरे, हा निकाला पण तुम्ही? किती मेहनत केली होती मम्मीजींनी."

"केव्हा केली?" मीराने विचारलं. तिने घंटेवरची नजर उचलली नाही.

"तुम्ही यायच्या आधी. दो-तीन दिवस दुपारी लागून राहिल्या होत्या. मी म्हटलं मम्मीजी, दिवाळी तो हो गई, आता काहून? म्हणे मीरासाठी. मी म्हटलं तिथं तर काढूनच टाकणार नं कागद! म्हणे तुला नाही समजणार." रुचिरा हसली. "सच में नहीं समझा."

"मग दिवाळीला कोणता लावला तुम्ही?"

"तो नवीन, एलईडीवाला. कॉलनीच्या समितीने सगळ्यांना एकसारखे दिले न यंदा. पूरी लाइन में एक जैसे, ड्रोनवरून फोटो काढला ह्यांनी. थांबा, दाखवते." तिने फोन काढला. वरून काढलेल्या फोटोत गल्लीतली सगळी घरं होती, प्रत्येक दारात एकाच रंगाचा एकच दिवा. मधे एक घर अंधारात होतं. "हे तुमचं," रुचिरा म्हणाली, "तुम्ही नव्हता न." तिच्या आवाजात काही नव्हतं. ती घंटा घेऊन, दोन वेळा थँक्यू म्हणून गेली.

राग येईल म्हणून मीरा वाट पाहत होती, तो आला नाही. एलईडी लावला, लावू दे. समितीचा सचिव सुमेध, त्याच्याच दारात वेगळा कसा लागेल. हे दीपाने भिंतीवरून एका वाक्यात सांगितलं असतं तर मीरा म्हणाली असती, चांगलं झालं, माझं खळ काढायचं काम वाचलं. पण दीपाने ते सांगितलं नाही. ती वाकड्या बोटांनी तीन दुपारी कागद चिकटवत बसली, दिवाळी सरून गेल्यावर, अशा कंदिलाला जो लागणार नव्हता. मीराला ते चित्र सारखं दिसू लागलं आणि त्याचं काय करावं तिला कळेना. माया म्हणावी तर ती माया होतीच. तसं मानायला ती दोनदा निघाली, आणि दोन्ही वेळा त्या अख्ख्या लाल कागदापाशी येऊन थांबली. आजारी माणसाला खरं सांगत नाहीत. मरणाऱ्याला सांगत नाहीत. दीपाने तिला त्या रांगेत बसवलं होतं. आणि सांगायचं होतं ते एलईडीबद्दल नव्हतंच, नाहीतर एवढं लपवायला लागलं नसतं.

संध्याकाळी दीपा भिंतीशी आली. हातात शेवग्याच्या शेंगा. "काय करून राहिली मीराताई? भाजी घे, रुचिराला नाही आवडत, म्हणते लकडी चबाते हैं क्या." मीराने शेंगा घेतल्या. तोवर पांढरा कागद लावून सांगाडा तयार झाला होता, ओट्यावर सुकत होता. दीपाने मान उंच करून पाहिला. "छान झाला. भावजी असते तर म्हणाले असते, बघा वहिनी, याला म्हणतात घडी."

"दीपा," मीरा म्हणाली, "यंदा माहू नव्हते काय?"

दीपाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. तेवढा एक क्षण मीराने तिला दिला होता. नंतर ती अनेकदा त्या क्षणाकडे परत गेली आणि दर वेळी तिला वाटलं, तो पुरेसा मोठा होता. त्यात मावलं असतं.

"नव्हते बाई," दीपा म्हणाली. "फवारणी केली न त्यांनी. एक नाही दिसला." मग शेंगांच्या जुडीचा दोरा उगीच काढत, आवाज खाली आणून ती म्हणाली, "मीराताई, एक सांगू? रागावशील नको. यंदा चांदणी मागच्या अंगणात लाव नं."

"मागे?"

"समोर सगळ्यांचं येणं-जाणं. कोणी काही म्हटलं तर सुमेधवरच येते, तो सचिव आहे न. त्याच्या मनात काही नाही गं, तुला तर माहीत आहे, तुझ्याच हातचं खाऊन मोठा झाला. दुसरेच येतात बाहेरचे, मोबाइलवर फोटो टाकतात, कोणाच्या घरी काय चाललंय म्हणून. कशाला झंझट." मग तिचा चेहरा एकदम उजळला, काहीतरी चांगलं सापडल्यासारखा. "आणि मागे लावली न, तर मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसेल. पोळ्या करता करता. समोर लावते तर मला कुठं दिसते?"

हे ती मनापासून म्हणाली होती. तेच सर्वांत वाईट होतं. मीराला वाटलं, आता आपण म्हणावं, दीपा, समोर लावते, आणि तू येऊन माझ्याबरोबर दोर धर. एवढंच म्हणावं. तिला हेही माहीत होतं की दीपा येणार नाही. सांधे दुखतात म्हणेल, किंवा भाजी करपते म्हणेल, आणि घरात जाऊन रडेल. मग तिने विचारलं नाही. दोघींपैकी एकीला तरी खोटं बोलण्यापासून वाचवावं, असा हिशेब तिने केला. तो हिशेब दीपाचाच होता हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती शिडी मागच्या अंगणाकडे ओढत होती.

मागे आंब्याच्या फांदीला चांदणी लावली. बल्ब लागला. पांढरा उजेड धुणं वाळत घालायच्या तारेवर, पाण्याच्या टाकीवर, भांडी घासायच्या दगडावर पडला. सगळं नीट, कमी खर्चात, सुंदर. शाळेत तिने या चांदणीला दहापैकी दहा दिले असते. भिंतीपलीकडे स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज झाला. "मस्त!" दीपा ओरडली. मीराने हात हलवला. नंतर घरात जाऊन तिने अवंतिकाला फोन लावला. बाळाच्या, तनयच्या, सर्दीबद्दल बोलणं झालं. मग ती म्हणाली, "खोली धर." दोन वर्षांच्या आग्रहानंतर अवंतिकाला हा विजय पचेना. "आई, काही झालं काय?" "नाही," मीरा म्हणाली. खरंच, सांगण्यासारखं काय झालं होतं? कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. एका बाईने तिच्यासाठी तीन दुपारी कंदील केला, एवढंच झालं होतं.

नाताळच्या सकाळी उपासनेहून ती परतली तेव्हा शेजारचे तिघंही आले. सुमेध आला. त्याने वाकून पायांना हात लावला, "हॅपी क्रिसमस, काकू," म्हणाला, गव्हाणीपुढची गव्हाची हिरवळ पाहून "वा, जवारे!" म्हणाला. लहानपणी तो केकच्या डब्यापाशी आधी येऊन बसायचा. आता त्याने बशी हातात घेतली आणि हसत विचारलं, "काकू, अंडं नाही न यात?" मीराने न विचारता दोन केक केले होते. "त्या बशीत नाही," ती म्हणाली. तिला आपल्या दूरदृष्टीची शरम वाटली. सुमेधने दोन तुकडे खाल्ले, पुढच्या खोलीच्या खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं, गाडीची किल्ली उचलली. रुचिराला मुलीला तयार करायचं होतं. दीपा मागे राहिली.

"मी फेब्रुवारीत चालली," मीरा म्हणाली. "अवंतिकाकडे. कायमची."

"काहून?" दीपाने विचारलं.

मीराजवळ खरं उत्तर तयार होतं. ते एका वाक्याचं होतं आणि तिने ते उपासनेत, प्रार्थनेच्या वेळी, स्वच्छ शब्दांत मांडून पाहिलं होतं. दीपाचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांत भीती होती, उत्तराचीच. "इथली थंडी सोसत नाही आता," मीरा म्हणाली.

तीस वर्षांत दीपाने तिची कुठलीही गोष्ट पहिल्यांदा मान्य केली नव्हती. साखर किती, मीठ किती, पोरांना कोणत्या शाळेत घालायचं, सगळ्यावर ती वाद घालायची. मीराला वाटलं, आता म्हणेल, थंडी काय यंदाच आली काय? म्हणेल, रजई देते, हीटर लाव, माझ्याकडे येऊन झोप. तिने वाट पाहिली.

"हो बाई," दीपा म्हणाली. "थंडी तर आहेच." तिने पदराने डोळे पुसले. रडणं खरं होतं. पण तिचा श्वास मोकळा झाला होता, तो मीराला ऐकू आला. "या वयात हाडं धरतात. लेकीजवळच बरं. सामानाची काळजी नको करू, सुमेधच्या ओळखीचे आहेत एक पॅकर्सवाले. काचेचं भांडं फुटू देत नाहीत. सांगू त्याला?"

"सांग," मीरा म्हणाली, आणि तिच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. दीपाने नको म्हटलं नाही.